रंग सुटतोय, वेगळं भिजवा

ता. ४ फेब्रुवारी

हॉटेलच्या त्या बत्तिशीने आज दुकानात पाय ठेवला आणि आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "काय बायांनो, रंग सुटतोय ना? वेगळं भिजवा मला." आणि हसला. हिरड्यांपर्यंत हसला. तुझ्या काकूच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली आणि एका भल्या माणसाच्या सदऱ्याची पाठ जळली. तो सदरा तुझ्या नावावर.

हे तुम्हाला कोणी शिकवलं म्हणून काकूने विचारलं, तर त्याने फोन काढून पुढे धरला. वर तुझं नाव. माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्याच नातीने लिहिलंय, फुकट आहे, कोणीही वाचावं.

आता नमस्कार-चमत्कार. चिमटीस आजीचा आशीर्वाद, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आशीर्वाद शिल्लक आहे की नाही ते बघून मागाहून कळवते.

तुला आठवत असेलच, पण परक्या हवेत माणसाला विसर पडतो म्हणतात, म्हणून सांगते. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्याबद्दल बोलायचं तर आपल्या लॉन्ड्रीत कपड्यांचं बोलतात. हात आखडता असलेला आला की 'कोरडं कापड'. मान ताठ असलेला आला की 'खळ जास्त झाली'. घरात भांडण चाललेला तो 'उसवलेला'. तुझी पणजी नदीवर धुवायची तेव्हापासून हे चालत आलंय. आणि हॉटेलच्या चादरींची गाठोडी घेऊन बत्तिशी दारात दिसला की कोणीतरी म्हणायचं, रंग सुटतोय, वेगळं भिजवा. मग जी बाई कामावर नवी असेल ती काही न विचारता गच्चीवर वाळत घालायला जायची आणि तो जाईपर्यंत खाली उतरायची नाही. कारण त्याचे हात गाठोड्यावर राहत नाहीत. हॉटेलचं काम त्याच्या हातात, त्याला तोंडावर बोलायची सोय नाही, म्हणून तो शब्द होता. आता शब्द त्याच्याकडे गेला. आमच्याकडे राहिली गच्ची.

काल शाळेतली ती मोठी बाई पण आली होती. म्हणे, तुम्ही मला दुप्पट खळ म्हणता असं वाचलं. मी म्हटलं, छापताना चूक झाली असेल, आम्ही तिप्पट म्हणतो. ती आपले कपडे उचलून गेली. गेली तर गेली.

मागे तू रजेवर आलीस आणि इस्त्रीच्या टेबलाशी फोन ठेवून बसायचीस. मी विचारलं हे काय, तर म्हणालीस, आजी, मी पेपर लिहितेय. मी म्हटलं लिही बाई. मला वाटलं परीक्षेचा. इतकी शिकलीस तरी परीक्षा संपत नाहीत, बिचारी, असंही वाटलं. परीक्षेचा पेपर मास्तर तपासतो, लाल रेघोट्या ओढतो आणि रद्दीत घालतो. चव्हाट्यावर कोणी लावत नाही.

ते बंद कर. उघडताना मला विचारलं नाहीस, बंद करताना विचारायची गरज नाही.

आजी


ता. १३ फेब्रुवारी

काकूच्या फोनवर निरोप पाठवलास आणि वर लिहिलंस, आजीला वाचून दाखव. मला वाचता येतं. चौथीपर्यंत का होईना, शाळेत मी गेले होते, शाळा माझ्याकडे आली नव्हती.

तुझं म्हणणं असं की ज्ञान कुलपात ठेवणं हा अन्याय आहे. मासिकं छापणाऱ्या कंपन्या ते विकत बसतात आणि गरिबाच्या पोराला मिळत नाही. लोकांच्या पैशाने झालेलं लोकांना मिळालं पाहिजे. बरं. पटलं. मी काही दगड नाही. पण लोकांच्या पैशाने झालेलं लोकांना दे. आमच्या तोंडचं कोणाच्या पैशाने झालं होतं?

दुसरं तुझं म्हणणं, नावं बदललेली आहेत. काकूने मला तेवढं पान फोनवर काढून दिलं. पुलाच्या अलीकडची लॉन्ड्री, शेजारी सायकलचं दुकान, चालवणाऱ्या सासू आणि सून. नाव काढलंस आणि दाराचा पत्ता ठेवलास. चोराला घर दाखवताना कुलपाचं नाव सांगितलं नाही म्हणून फुशारकी मारू नये.

तिसरं, एकदा उघडलेलं बंद होत नाही, तसा नियमच आहे. नियम कोणी केला? तुम्हीच. मग मोडायला कोण यायचं, आम्ही?

शेवटी लिहिलंयस की तुझ्या जुन्या विद्यापीठाच्या लायब्ररीत येत्या आठवड्यांत याच विषयावर सभा आहेत, त्यात तुझा पेपर नमुना म्हणून दाखवणार आहेत आणि तू तिकडून पडद्यावर बोलणार आहेस. 'घरच्यांना अभिमान वाटेल.' घरच्यांच्या वतीने वाटून पण मोकळी झालीस. छान.

दुकानात एक नवी बाई लागली आहे. नवऱ्याला सोडून आलीय, बोलते कमी, इस्त्री चांगली करते. तिला आम्ही सगळे शब्द शिकवत होतो. आता शिकवून काय करू? बत्तिशी आला की मी नुसती खोकते. पण थंडीच्या दिवसांत सगळेच खोकतात, तिला कळणार कसं.

आजी


ता. २ मार्च

गेले होते. तू बोलावलं नव्हतंस, पण लायब्ररीच्या दाराबाहेर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापड लावलं होतं, 'मुक्त प्रवेश सप्ताह'. मी म्हटलं चला, निदान दारात कोणी अडवणार नाही. दारातच अडवलं. रखवालदार म्हणाला, कार्ड? मी वरच्या कापडाकडे बोट केलं. तो म्हणाला, "आजी, ते कागदांसाठी आहे, माणसांसाठी नाही." टोमणा नव्हता तो. बिचारा खरंच समजावून सांगत होता.

तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण गुडघे बोलत होते आणि आत खुर्च्या दिसत होत्या. तेवढ्यात लायब्ररीतला एक चष्मेवाला बाहेर आला, त्याला मी सांगितलं की आज जी पडद्यावर बोलणार आहे तिला मी ढुंगण धुवायला शिकवलंय. त्याने स्वतःच्या कार्डावर मला आत घेतलं.

खोली थंडगार. प्रत्येक खुर्चीवर एक पेन ठेवलेलं. मी घेतलं, हे पत्र त्याच पेनाने लिहितेय, आणि ते गळतंय. आधी एक टकलू बोलला. म्हणाला, लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो आणि छापणारा दोघांनाच ते परत विकतो, मग विद्यापीठालासुद्धा परवडत नाही. मला तो माणूस आवडला. धुवायचं आम्ही आणि हॉटेलवाला गिऱ्हाइकाला म्हणतो बघा आमच्या चादरी किती पांढऱ्या, तसलंच ते. हे तुझ्यासाठी लिहिलं, म्हणजे मला काही समजत नाही असं तुला म्हणायला नको.

मग भिंतीवर तू आलीस. डबल चादरीएवढं तोंड. बारीक झालीस. आमचे शब्द एकामागून एक भिंतीवर लावलेस आणि प्रत्येकाला लोक हसले. 'खळ'ला जास्त हसले. शेवटी म्हणालीस, हे ज्ञान त्या बायांचं आहे आणि आता ते सगळ्यांसाठी खुलं आहे. टाळ्या. मी पण एक वाजवली. माश्या होत्या.

कोणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. माझ्यापुढच्या दोघांची उत्तरं लांबवून लांबवून दिलीस. मग त्यांनी त्यांचा तो डोळा माझ्याकडे वळवला, म्हणजे तुला तिकडे मी दिसावी. आणि तू मला पाहिलंस. नाही म्हणू नकोस. चष्मा वर सारलास. चोरी पकडली की लहानपणापासून तुझा हात नाकावर जातो. म्हणालीस, वेळ संपली वाटतं. आणि गेलीस. दोरीवरची चादर ओढून घ्यावी तशी भिंत मोकळी झाली. माझा हात तसाच वर.

चष्मेवाल्याने मला खाली त्याच्या खोलीत नेऊन चहा दिला. मी म्हटलं तो पेपर सगळा वाचा. भाषा आपलीच, पण एकेक शब्द ओल्या गोधडीसारखा जड, त्यामुळे तो वाचायचा आणि मग साध्या बोलीत सांगायचा. बरंच खरं लिहिलंयस. तुझ्या पणजीचं लिहिलंस ते ठीक आहे. मग तो शेवटच्या यादीवर आला. यादीचे भाग केलेले. पैशाचे शब्द, स्वभावाचे शब्द, गमतीचे शब्द. आणि 'रंग सुटतोय' कुठे? गमतीच्या शब्दांत.

मी म्हटलं परत वाचा. त्याने परत वाचलं. "कामाच्या रगाड्यातला बायकांचा मिश्कीलपणा. विशिष्ट गिऱ्हाईक आलं की एखाद्या मुलीला थट्टेने गच्चीवर पाठवलं जाई."

थट्टेने.

त्या मुलीला मी ओळखते. कॉलेजला जायला लागली होती, सुट्टीत दुकानात बसायची. तो गाठोडी आणायचा आणि तिचं नाव घेऊन विचारायचा, आज दिसत नाही ती? ती गच्चीवर ओल्या चादरींच्या मागे उभी असायची, आणि मी वर गेले की चादरीआडून विचारायची, गेला का? मी गेला म्हटल्याशिवाय बाहेर यायची नाही. पुढे तो गेला तरी यायची नाही. तेव्हा कोणाला हसू येत होतं, तुला की मला?

आमच्या डोक्यावरचा पदर भर चौकात काढलास आणि स्वतःचा हनुवटीपर्यंत ओढलास.

चष्मेवाल्याला मी विचारलं, हे बंद होतं का. त्याने खोटं सांगितलं नाही. लोकांनी उतरवून घेतलेलं परत येत नाही, पण इथली प्रत काढून दुरुस्त केलेली लावता येते, वर 'दुरुस्ती' असं छापून. मात्र लिहिणारीने स्वतः कळवलं पाहिजे. मी म्हटलं मी तिची आजी आहे. नाही चालत. म्हटलं, ज्यांच्या तोंडचे शब्द आहेत त्यांनी सांगितलं तर? तो चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छ होता. मग म्हणाला, आम्ही तिला तेव्हा विचारलं होतं, या बायकांची हरकत नाही ना? तिने कळवलं, आजी हो म्हणाली आहे.

हो म्हणाली होती आजी. पेपराला. परीक्षेच्या.

पेपराची एक छापील प्रत त्याने मला दिली. इस्त्रीचं टेबल डुगडुगतं, त्याच्या पायाखाली घातलीय.

आजी


ता. १० मार्च

उत्तर नाही. मी काही वाट बघत नाही. पोस्टमन दुकानाशी थांबला होता, तो चेन पडली म्हणून थांबला होता, एवढंच कळवते.


ता. २२ मार्च

नाही म्हणता म्हणता जे व्हायचं ते झालं. सगळं सरळ सांगते, नाहीतर तू त्याची पण यादी करशील.

गेल्या आठवड्यात बत्तिशी आला. दारातूनच ओरडला, रंग सुटतोय हो, आणि काकूला म्हणाला, टेम्पोत एक गाठोडं सुटलंय, जरा बघून घ्या. काकू बाहेर गेली. मी गल्ल्यावर शाळेतल्या मोठ्या बाईशी हुज्जत घालत होते. हो, ती परत आली, दुसरीकडे तिच्या रेशमी साडीची वाट लावली म्हणून. मी खोकले. जोरात खोकले. मोठी बाई म्हणाली, औषध घ्या. आणि तो मागच्या खोलीत गेला, जिथे नवी एकटी इस्त्री करत होती.

आरडाओरडा काही झाला नाही. आवाजच नाही म्हणून मी उठले. तेवढ्यात काकू परत आली, माझ्याआधी आत पोचली. नवी भिंतीला टेकलेली, गरम इस्त्री दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेली, आणि तो हसत तिला म्हणत होता, अगं, थट्टा समजत नाही का तुला? तुमचाच शब्द आहे ना?

तुझी काकू. लग्न होऊन आल्यापासून हळू बोलणारी, भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर मला पुढे करणारी. ती त्याच्या मागून चालत त्याला गल्ल्यापर्यंत घेऊन आली आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाली, "तुम्ही आमच्या बायकांच्या अंगाला हात लावता. वर्षानुवर्षं लावत आलात. हात खिशात घालून यायचं असेल तर या, नाहीतर तुमची गाठोडी रस्त्यावर मिळतील." कापडाचं नाव नाही, रंगाचं नाव नाही. नुसतं जे होतं ते.

तो म्हणाला, तुमचं काम बंद करीन. काकू म्हणाली, करा. तो आणखी काही बोलणार होता, पण शाळेतली बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वर्गातल्या पोराला म्हणावं तसं म्हणाली, "बाहेर." आणि तो गेला. तिप्पट खळ कधीतरी उपयोगी पडते.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बघ आजी, शब्द उघडा झाला म्हणून काकूला तोंड उघडावं लागलं, चांगलंच झालं, असं मला लिहायचं नाही. घर जळालं म्हणून विहीर खणली, त्याचं श्रेय काडी लावणाऱ्याने घेऊ नये.

हॉटेलचं काम गेलं. चादरींच्या दोऱ्या मोकळ्या आहेत, गच्चीवरून आता थेट पुलापर्यंत दिसतं. तिथूनच मला दिसलं, टेम्पो पुलापलीकडच्या लॉन्ड्रीत जातो. काल मी तिथे गेले. मालकीण चांगली आहे, तोंडाळ आहे, माझ्यासारखीच. मी तिला आडून नाही, उघड सांगितलं, या माणसापासून तुमच्या पोरी सांभाळा. ती हसायला लागली. म्हणाली, तो? अहो तो गमत्या माणूस आहे. येतो तोच म्हणतो, रंग सुटतोय, वेगळं भिजवा. आमच्या पोरी हसून बेजार होतात. कुठल्यातरी विद्यापीठाने छापलंय म्हणे ते, बायकांच्या गमती म्हणून. आणि तिनेही मला फोन काढून दाखवला. वर तुझं नाव.

ऐकलंस? आपल्याकडे तो शब्द आला की पोरी वर जायच्या. तिकडे तो शब्द आला की पोरी हसतात आणि जागच्या जागी उभ्या राहतात. मी तिला म्हटलं, ती गंमत नाही. ती म्हणाली, छापलंय की हो. छापलेलं एका बाजूला आणि मी एका बाजूला, ती कोणाचं ऐकणार? मी तशीच घरी आले.

तू उघडलंस म्हणून मी इतके दिवस तुला शिव्या घालतेय. चुकीच्या शिव्या घातल्या, आता बरोबर घालते. तू उघडलं नाहीसच. अर्धं उघडलंस, त्यातून त्याला आत यायला वाट केलीस, आणि आमच्या पोरींना बाहेर पडायची वाट होती ती मात्र थट्टेने बुजवलीस. का बुजवलीस ते मला कळतं. लाज वाटली. बाई गं, ती लाज त्याची आहे. गाठोडं चुकीच्या घरी आलंय, इतकी वर्षं तू ते उचलून फिरतेस, आणि खाली ठेवायचं सोडून वर खोटी चिठ्ठी लावलीस. लॉन्ड्रीत वाढलीस आणि दुसऱ्याचं गाठोडं परत पाठवायचं असतं एवढं शिकली नाहीस.

तेव्हा मी आधी लिहिलेलं खोडते. सगळं बंद करू नकोस. खळ, कोरडं, उसवलेलं, हे आमचे शब्द, ते यादीतून काढ, त्यावाचून कोणाचं ज्ञान अडणार नाही. तो एक शब्द ठेव. गमतीच्या रांगेतून उचल आणि सगळ्यात वर ठेव. खाली साध्या बोलीत लिही, म्हणजे पुलापलीकडच्या मालकिणीला चष्मेवाल्याशिवाय कळेल, की हा शब्द ऐकला की मुलीला तिथून हलवायचं आणि का हलवायचं. आणि ज्या मुलीला गच्चीवर पाठवलं ती कोण, ते लिही. 'एखादी मुलगी' चालणार नाही. आम्हाला पत्त्यासकट उघडं केलंस, तुझं नाव तर पेपरावर आधीपासूनच आहे, फक्त वरून खाली आणायचंय. मग लाव ते तुझ्या भिंतीवर, चादरीएवढं, फुकट, कोणालाही. त्या दिवशी मी टाळी वाजवीन आणि माश्या नसतील.

आमचा नवा शब्द ठरलाय. तुला सांगणार नाही.

टेबल परत डुगडुगायला लागलंय, कारण ती प्रत मी पायाखालून काढली. नवीने मागितली. बसून वाचतेय, बोट ठेवून, एकेक ओळ. त्या गमतीच्या पानावर थांबली आणि मला विचारलं, ही गच्चीवरची मुलगी पुढे काय झाली? मी म्हटलं, शिकली. ती म्हणाली, मग तिने असं का लिहिलं?

मला काही सांगता आलं नाही, आणि मला सांगता येत नाही असं या घरात कधी होत नाही. म्हणून हे पत्र.

दुरुस्तीचं चष्मेवाल्याला कळव, तो वाट बघतोय. मला काही लिहू नकोस, काकूच्या फोनवर निरोप नको, तुझ्या तिकडच्या विद्यापीठातल्या सरांची चिठ्ठी तर मुळीच नको. नवीने विचारलंय, नवीला उत्तर दे. तुझ्या हाताने, आणि तूच.